वीस मिनिटांवरचे आपुलकी अंगण

शनिवार, दिनांक १८ जानेवारी २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही के. आर. पुरम येथील मुलाच्या घरातून निघालो.

आम्ही म्हणजे मी आणि पत्नी. मी भूमिअभिलेख खात्यात छत्तीस वर्षे जमिनी मोजल्या. निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली. राहणार कऱ्हाड. मुलगा निखिल नऊ वर्षांपासून बंगळुरात नोकरीस आहे. त्याचे घर दोन खोल्यांचे असून त्यांतील एक खोली चार वर्षांच्या नातवाने व्यापली आहे. दुसरीत उरलेले सर्व जण राहतात.

प्रवासाचे कारण एक पत्रक होते. कऱ्हाडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ते वाटले गेले. वर ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘बंगळुरात मुलं, मराठीत तुम्ही!’ खाली ‘आपुलकी अंगण’ नावाच्या वसाहतीचे रंगीत चित्र. बेळ्ळंदूरपासून केवळ वीस मिनिटे. तळ्याकाठी निवांत घर. सह्याद्रीसारखी हवा. मराठी वाचनालय, मराठी जेवण, मराठी डॉक्टर आणि मराठी शेजार. निखिलचे कार्यालय बेळ्ळंदूरला आहे. पत्नीने ते पत्रक देवघरात पोथीखाली ठेवले आणि दोन महिने त्याविषयी एक शब्दही काढला नाही. तिसऱ्या महिन्यात मीच काढला.

मी अट घातली. पत्रकात लिहिलेले खरे निघाले तर त्याच दिवशी करारावर सही करीन आणि कऱ्हाडचे घर बंद होईल. खोटे निघाले तर सोमवारच्या गाडीने परत, आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. पत्नीने अट मान्य केली. मान्य करताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

पत्रक खोटे निघावे अशी माझी इच्छा होती, हे येथे नमूद करतो. मोजणी करणाऱ्याने निकालाविषयी इच्छा बाळगणे योग्य नव्हे.

माझ्या पिशवीत तीस मीटरची फीत, होकायंत्र व वही होती. पत्नीच्या पिशवीत हळदीकुंकवाची डबी आणि तिळगूळ होता. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. रथसप्तमीपर्यंत भेटेल त्या सवाष्णीला कुंकू लावून तिळगूळ देण्याचा तिचा नेम आहे. बंगळुरात आल्यापासून तिला तशी एकही भेटली नव्हती. निखिलच्या इमारतीत सर्व दारे बंद असतात व आतून कुत्री भुंकतात.

बेळ्ळंदूर

वसाहतीने गाडी पाठवली होती. चालकाचे नाव मंजुनाथ. तो आमच्याशी हिंदी बोलत होता आणि वाहतुकीशी कन्नड. बेळ्ळंदूरला गाडी थांबली ती थांबलीच. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती होत्या व मध्ये आम्ही होतो. शेजारच्या मोटारीत एक तरुण दाढी करीत होता. त्याची दाढी पूर्ण झाली तरी आम्ही एकमेकांच्या शेजारीच होतो.

मी मंजुनाथला पत्रक दाखवून विचारले, “येथून वीस मिनिटे?”

त्याने पत्रक वाचले नाही. त्याला ते पाठ असावे. “हां साब, बीस मिनट. बंद के दिन.”

“कौनसा बंद?”

“जिस दिन पूरा कर्नाटक बंद रहता है ना, उस दिन. वो भी मैं चलाऊँ तो.”

मी वहीत वेळ लिहून ठेवली. पत्नी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “गप्पा मारत गेलं की कळत नाही वेळ.” त्यापुढे पाऊण तास ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही, आणि वेळ कळला.

वाटेत एका उपाहारगृहात उभ्याने इडली खाल्ली. आमच्याकडे इडली हा आजाऱ्याचा पदार्थ समजतात, तेथे ती धडधाकट माणसे घाईने खात होती. सांबार गोड होते. मंजुनाथने कॉफी ‘बाय टू’ सांगितली, म्हणजे एक पेला कॉफी दोन पेल्यांत सारखी विभागून आली. ती वाटणी मी जवळून पाहिली. रेषेचाही फरक नव्हता. शहराविषयीचे माझे मत तेवढ्यापुरते सुधारले.

आनेकलच्या पुढे

आनेकल मागे पडले. नाचणीची कापलेली शेते, पत्र्याचे कारखाने व वीटभट्ट्या लागल्या. बेळ्ळंदूर सोडल्यापासून दोन तास चार मिनिटांनी वसाहतीची कमान आली. न्याहारीची सतरा मिनिटे मी वजा केली आहेत.

कमानीखाली एक तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, पायांत चकचकीत बूट. नाव रोहित, मूळचा नाशिकचा. तो वाकून पाया पडला व उठतानाच बोलू लागला.

“काका, काकू, वेलकम होम! जर्नी कंफर्टेबल झाली ना? कनेक्टिव्हिटी एकदम अमेझिंग आहे इथली.”

“दोन तास चार मिनिटे,” मी म्हणालो.

“ते आज सॅटर्डे आहे ना काका.”

“रविवारी?”

“संडेला लोक बाहेर पडतात.”

मी उरलेले पाच वार विचारले नाहीत.

प्रथम तळे दाखवण्यात आले. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून ते दिसते असे पत्रकात होते. गच्चीतून एक खाण दिसत होती. तिच्या तळाशी पाणी साचले होते व त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. म्हशी निवांत होत्या, हा तपशील पत्रकाशी जुळला. मी फीत काढली. खाली उतरलो व दुसरे टोक धरण्यासाठी रोहितला पुढे पाठवले. चकचकीत बुटांनी तो खाणीच्या कडेपर्यंत गेला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. फीत तीन वेळा लावावी लागली. मधल्या खेपेस तिच्यावर एक गाय उभी राहिली. तिला कन्नड समजत होते आणि रोहितला येत नव्हते. त्यामुळे मोजणी दहा मिनिटे थांबली.

हवेविषयी इतकेच लिहितो की शेजारी रबर वितळवण्याचा कारखाना होता.

मराठी डॉक्टरांच्या दारावर पितळी पाटी होती व पाटीवर अजून प्लॅस्टिकचे वेष्टण होते. दाराला कुलूप. “सर राउंडवर आहेत,” रोहित म्हणाला. कुलपावर कोळ्याने जाळे केले होते. राउंड मोठा असावा.

वाचनालय मात्र उघडे होते. चार कपाटे भरून जाड बांधणीचे ग्रंथ होते. मला समाधान वाटले, व त्या समाधानातच मी एक ग्रंथ ओढला. संपूर्ण रांग एकदम बाहेर आली. ती पुस्तके नव्हती. एका फळकुटावर चिकटवलेल्या नुसत्या पाठी होत्या. फळकूट माझ्या डाव्या अंगठ्यावर पडले.

“काका, ते इंटिरिअर थीम आहे,” रोहित म्हणाला.

अंगठा सुजू लागला. आतापर्यंत पत्रकातील एकही ओळ खरी निघाली नव्हती. मी जिंकत होतो. पत्नी कपाटापाशी उभी राहून त्या पाठींवरची नावे वाचत होती. शेवटी म्हणाली, “शेजार अजून पाहिला नाही.”

मराठी शेजार

तिसऱ्या मजल्यावरील एका घराचे दार रोहितने वाजवले. दाराबाहेर झेंडूचे तोरण होते. दार उघडले ते सत्तरीच्या एका बाईंनी. नऊवारी नव्हे, पण काठापदराची साडी, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. मागे सोफ्यावर त्यांचे यजमान, अंगात स्वतः बेतून शिवल्यासारखा सदरा.

“हे गणपतराव अण्णा, ह्या सावित्रक्का,” रोहित म्हणाला. “दोन वर्षं इथेच राहतात. फुल्ली सेटल्ड.”

“या, या, बसा की हो,” सावित्रक्का म्हणाल्या. “कुठलं गाव तुमचं?”

पाच दिवसांत पत्नीला परक्या तोंडून मराठी ऐकू आले नव्हते. ती बसली आणि बोलू लागली. कऱ्हाड, निखिल, नातू, त्याचे मराठीऐवजी इंग्रजीत रडणे, इमारतीतील बंद दारे. सावित्रक्का प्रत्येक वाक्याला “हौदा?” म्हणत. ‘खरंच का’ याला तो कन्नड शब्द होता. त्यांचे मराठी आमच्यापेक्षा वेगळे, थोडे हेल काढून चालणारे होते. पण तिथे दोन बायका एकमेकींना पुरेपूर समजत होत्या.

अण्णा मला म्हणाले, “इथं लई सुख आहे सर.” मग रोहितकडे पाहिले. रोहितने मान हलवली. मग अण्णांनी पुढचे म्हटले. “हवा चांगली. माणसं चांगली.”

“तळे?”

“तळंपण चांगलं.”

मी स्वयंपाकघराकडे पाहिले. ओट्यावर शेगडी होती. तिला नळी नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती व मी पाहत असेपर्यंत तितकीच राहिली. बाईंच्या चपला दाराबाहेर होत्या आणि शेजारी त्यांची पाण्याची बाटली व डबा असलेली पिशवी. स्वतःच्या घरात कोणी डबा घेऊन येत नाही. मला सर्व समजले. पत्नी हसत होती. तिला तसे हसताना मी गेल्या वर्षभरात पाहिले नव्हते, म्हणून पाच मिनिटे थांबावे असे ठरवले. घड्याळ बंद असल्याने ती अंदाजे मोजली.

रोहितने टेबलावर कराराचे कागद मांडले. “काका, फेस्टिव्ह ऑफर आज चार वाजेपर्यंतच आहे. इथे, इथे आणि इथे साइन.” त्याने पेनचे टोपणही काढून दिले.

पत्नी म्हणाली, “थांबा हं. आधी एक राहिलंय.” तिने पिशवीतून डबी काढली, सावित्रक्कांना हळदीकुंकू लावले, हातावर तिळगूळ ठेवला. “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

आता उलट कुंकू लावणे सावित्रक्कांकडे आले. घरी आलेली सवाष्ण रिकाम्या कपाळाने परत जाऊ द्यायची नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या झटकन उठल्या व स्वयंपाकघरात गेल्या.

पहिले कपाट उघडले. रिकामे. दुसऱ्यात पत्रकांचे गठ्ठे. तिसऱ्यात रोहितचे हेल्मेट. त्या चौथे उघडायला गेल्या आणि ते उघडेना, कारण ते कपाट नसून चित्र होते.

“आंटी, फ्रिजमध्ये बघा ना,” रोहित घाईने म्हणाला.

“कुंकू फ्रिजमध्ये ठेवतात काय रे?” तरी त्यांनी दार ओढले. फ्रिज आख्खा पुढे आला. तो आतून पोकळ होता व वजनाला पुठ्ठ्याएवढा.

पत्नी दारात येऊन उभी राहिली. “राहू द्या हो. माझ्याच डबीतलं लावा.”

“तुमचं तुम्हालाच लावू? अय्यो, असं कुठं असतं?”

तेवढ्यात रोहितने खिशातून एक लाल मार्कर पेन काढले. “काकू, हे चालेल का? वॉशेबल आहे.”

सावित्रक्का त्या पेनकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला. “बाजूला हो. तीन महिने तू सांगितलंस ते बोलले. तळं म्हण म्हणालास, म्हटलं. हवा म्हणालास, म्हटलं. आता सवाष्णीच्या कपाळाला पेन लावायला सांगतोस? मला नाही जमणार.” आणि पत्नीकडे वळून म्हणाल्या, “अक्का, हे माझं घर नव्हे. आम्ही चिक्कपेटला राहतो. शनिवारी गाडी नेते-आणते, नाश्ता देतात. आम्ही इथं बसून मराठी बोलायचं.”

अण्णांनी खाली पाहत सांगितले, “शिवणाचं दुकान मुलगा बघतो. मुलं घरात कन्नड बोलतात, नातवंडं इंग्लिश. हिच्याशी बोलून बोलून आमचं सगळं बोलून झालंय. इथं दर शनिवारी नवीन माणसं येतात. मराठी बोलायला मिळतं म्हणून आलो. चुकलं.”

“किती जणांनी घरे घेतली?” मी विचारले.

“राहायला कुणी आलेलं नाही बघितलं. बोलून जातात.”

मी पेनला टोपण लावले व ते रोहितला परत दिले. त्याच्यावर रागवावे असा माझा विचार होता. तो खाली बसून बुटांचा चिखल पुसत म्हणाला, “काका, मला पण जॉब अॅडमध्ये ‘सिटी सेंटर पोस्टिंग’ लिहिलं होतं. आनेकलला चार जण एका खोलीत राहतो. आईला सांगितलंय, लेक व्ह्यू आहे.”

“म्हशी दिसतात?”

“दिसतात.”

पत्नीने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. ‘गोड बोला’ म्हणाली नाही. त्याची आवश्यकता नव्हती.

चिक्कपेट

परतीच्या गाडीत आम्ही चौघे होतो. अट माझ्या बाजूने लागली होती. सोमवारची गाडी, कऱ्हाडचे घर, विषय समाप्त. पत्नी हातात डबी धरून बसली होती. जिंकल्यावर माणसाला जे वाटते असे सांगतात, ते मला वाटले नाही. अंगठा ठणकत होता, त्यामुळे असेल.

सावित्रक्कांनी मात्र मंजुनाथला बजावले होते, “आधी आमच्या घरी. कुंकू लावल्याशिवाय ह्यांना सोडायचं नाही.” तो “सरी अक्का”, म्हणजे बरे, म्हणाला आणि गाडी पेठेत घातली.

चिक्कपेट म्हणजे कापडाच्या दुकानांची दाटी. गल्ली इतकी अरुंद की गाडी बाहेरच ठेवावी लागली. मी लंगडत चाललो. खाली अण्णांचे शिवणाचे दुकान, वर घर. दार उघडेच होते. सावित्रक्कांनी आत जाताच न पाहता हात उंचावला आणि फळीवरून करंडा काढला. हळद, कुंकू, मग हातावर त्यांच्याकडचा तिळगूळ. त्याला एळ्ळु-बेल्ल म्हणतात. तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे व डाळे, सर्व सुटे. आमच्याकडे हेच पदार्थ पाकात एकत्र बांधून लाडू करतात. येथे प्रत्येकाला मोकळे ठेवतात. दाताला हे सोयीचे आहे.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई आल्या, मागोमाग खालच्या मजल्यावरच्या दोघी. कऱ्हाडची पाहुणी आली हे कोणी कोणाला सांगितले ते मला कळले नाही. अर्ध्या तासात पत्नीचा तिळगूळ संपला व डबीही रिकामी झाली.

अण्णांनी कॉफी मागवली, बाय टू. मी विचारले, “आपले पूर्वज येथे केव्हा आले?”

“ते कुणी लिहून ठेवलं नाही सर. पण जाहिरात वाचून नाही आले.”

मग त्यांनी सहज सांगितले की वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. बाराबाय दहा, स्वल्प कमीच. खिडकीतून काय दिसते असे मी विचारले. “समोरच्यांचं वाळवण,” ते म्हणाले. हवा? “दुपारी उकडतं. मेट्रो मात्र जवळ आहे.”

सावित्रक्का आतून म्हणाल्या, “रथसप्तमीपर्यंत तरी राहा की. मी हळदीकुंकू घालणार आहे, हातभार नको काय?” हे त्या पत्नीला म्हणाल्या. पत्नीने उत्तर दिले नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. अट तिने पाळली.

मी उठलो, पिशवीतून फीत काढली आणि जिना चढलो. दुसरे टोक अण्णांनी धरले. शिंप्याच्या हाताला फीत कशी धरावी हे सांगावे लागत नाही. लांबी अकरा फूट अकरा इंच. रुंदी नऊ फूट दहा इंच. खिडकी उघडून पाहिली. समोर वाळवण होते. दिवसभरात कोणी सांगितले तसेच निघालेले हे पहिले माप होते. मी ते पत्रकाच्या मागील कोऱ्या बाजूस लिहिले व खाली स्वाक्षरी केली.

परतताना मेट्रोने आलो. मॅजेस्टिकला गाडी बदलावी लागली. दारातून दारापर्यंत एक तास सहा मिनिटे. कोणी वीस सांगितली नव्हती, म्हणून तक्रार नाही. पत्नी गाडीत म्हणाली, “अंगठ्याला हळद लावू का?” मी म्हणालो, “डबी रिकामी आहे.” ती म्हणाली, “भरून दिली त्यांनी.”

सायंकाळी सात वाजता निखिलच्या घरी पोहोचलो. नातवाने दार उघडून इंग्रजीत काहीतरी विचारले व पत्नीने त्याच्या हातावर सुटा तिळगूळ ठेवला.

हात-पाय धुतले. त्यानंतर कऱ्हाडला शेजारी फोन लावला आणि मंगळवारपासून दूध सुरू करण्यास सांगितले होते ते करू नये असे कळवले. कधीपर्यंत, असे त्यांनी विचारले. अजून मोजलेले नाही, असे सांगून मी फोन ठेवला.